विरक्त खोली

किल्लीच्या आईला कमी ऐकू येतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त आईला. तिच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. म्हणून भर दुपारी ती धापा टाकत दुकानाच्या पायऱ्या चढली आणि स्टुलावर टेकत म्हणाली, "तुझ्या ताईला वैराग्य आलंय गं," तेव्हा किल्लीने आधी तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे फिरवला आणि हातातली अर्धवट राहिलेली किल्ली पुन्हा कानशीने घासायला घेतली.

"ऐकतेयस का? वैराग्य!"

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. फोनवर. मी विचारलं, रोज संध्याकाळी असतेस कुठे? तर म्हणाली, विरक्त खोलीत बसते."

"कसल्या खोलीत?"

"विरक्त. वि-र-क्त. आता तूही बहिरी झालीस का?"

कानस थांबली. बंद खोली, आणि तिच्यात रोज संध्याकाळी ताई. आईने नेमका नको तिथे हात घातला होता. किल्लीला शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. वडिलांचं कुलपांचं दुकान ती चालवते म्हणून लोक तिला किल्ली म्हणतात, असं नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं. तसं नव्हतं. नाव लहानपणीच पडलं होतं, कारण बंद दार दिसलं की हिचा डोळा भोकाला लागलाच म्हणून समजा. चाळिशी ओलांडली तरी खोड गेली नव्हती. शेजाऱ्यांकडे नवं कपाट आलं, तर त्यात ते काय ठेवणार हे कळेपर्यंत हिला चैन पडत नसे. ती स्वतःला चौकस म्हणायची. नवरा दुसरा शब्द वापरायचा.

"आणि मी उगाच बोलत नाही," आई बोटं मोजायला लागली. "एक, केस कापले. कंबरेपर्यंतचे केस गं, मी तेल लावून लावून वाढवलेले! दोन, रंगीत कपडे सगळे बांधून ठेवले. अंगात बघावं तेव्हा पुढून बटणांचे ते पांढरे ढगळ सदरे. आणि तीन, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. म्हटलं, डबे खाली का आणलेस? तर म्हणते, आई, आता वरचं काही नको मला." आईचा आवाज भरून आला. "वरचं काही नको! म्हणजे काय उरलं मग?"

एरवी किल्ली पोट धरून हसली असती. आज तिला हसू आलं नाही, कारण तिच्याकडे एक चौथी गोष्ट होती आणि ती तिने आईला सांगितली नव्हती. ताई यंदा एकदाही तळ्यावर आली नव्हती.

उन्हाळ्याच्या शेवटी गावाबाहेरचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायचं, असा पोहणाऱ्यांच्या मंडळाचा एक कार्यक्रम असे. नाव त्याचं 'पैलतीर'. दोघी बहिणी शाळेत होत्या तेव्हापासून एकही उन्हाळा चुकला नव्हता. ताई तरणतलावावर पोहणं शिकवायची, तिच्यासाठी ते तळं म्हणजे अंगण. किल्लीचं तसं नव्हतं. ती डावखुरी, डाव्या हाताचा जोर जास्त, त्यामुळे पाण्यात ती आपोआप उजवीकडे जायची. पहिल्याच वर्षी ती पोहता पोहता लव्हाळ्यांत जाऊन अडकली होती आणि बेडकांच्या मधोमध उभी राहून तिने भोकाड पसरलं होतं. तेव्हा वडिलांनी होडीतून ओरडून सांगितलं, "पुढे बघूच नकोस. ताईकडे बघ!"

तेव्हापासून किल्ली पुढे बघत नव्हती. श्वासासाठी मान डावीकडे वळवायची, डावीकडे ताईची लाल टोपी असायची, आणि ती टोपी जिकडे जाईल तिकडे आपण जायचं. पैलतीर आपोआप यायचा. तिचा नवरा नव्या पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "या दोघी बहिणी एकमेकींना पाण्यात पाहतात." पाहुणे बिचारे विषय बदलायचे.

आणि यंदा पैलतीर तोंडावर आला असताना ताई सरावाला फिरकली नव्हती. कधी पोरांचा वर्ग, कधी पोट बरं नाही, कधी नुसतंच "बघू गं". किल्लीने मनातल्या मनात सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं. आपण काही बोललो का? काही विसरलो का? ताई आपल्याला टाळतेय एवढं मात्र नक्की, आणि ताई नसेल तर आपण त्या पाण्यात पाऊल टाकणार नाही, हेही तितकंच नक्की.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि कुठल्याही गोष्टीचं गांभीर्य घालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"बरोबर आहे की. विरक्त माणसाला पैलतीरच दिसणार."

"अहो, मी इथे काळजीत आहे."

"अगं, संध्याकाळचं बसून कुणी विरक्त होत नाही. मी तुझ्याशी लग्न केल्यापासून प्रयत्न करतोय, अजून जमलं नाही." तिचा चेहरा बघून तो थांबला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "जाऊन बघ ना. नाहीतरी तू बघितल्याशिवाय राहणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं.

तरणतलावावर सुट्टीतल्या पोरांचा नुसता गदारोळ होता. शिट्ट्या, ओली पावलं, क्लोरीनचा वास, हरवलेले टॉवेल. किल्ली कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे गेली, जिथे पूर्वी फुटलेली तरंगती फळकुटं ठेवायची अडगळ होती. तिथे आता एक नवी लाकडी खोली उभी होती. खोली कसली, मोठं कपाटच. दाराला काच, काचेआड मंद तांबूस उजेड, आणि बाहेर पाण्याचे मोठे जग घेऊन एक धिप्पाड बाई खुर्चीवर बसलेली. तिला सगळे वाफकाकू म्हणत होते.

किल्लीने सवयीप्रमाणे आधी दाराकडे पाहिलं. "याला कुलूप कुठाय?"

"नाही."

"कडी?"

"तीही नाही. आतून नुसतं ढकललं की उघडतं. चक्कर आलेल्या माणसाने कडी शोधत बसायचं का?"

किल्लीच्या सबंध आयुष्यात तिला असं दार भेटलं नव्हतं, ज्याचं सगळं शहाणपण बंद न होण्यात होतं. तिला ते एकदम आवडून गेलं.

"आत कोण आहे?"

"माणूस आहे."

"काय करतंय?"

"घाम काढतंय."

"या उन्हाळ्यात? बाहेर रस्त्यावर फुकट निघतोय की!"

वाफकाकूंना हा प्रश्न रोजचा असावा. त्यांनी नुसतं बोट वर केलं. दाराच्या वर पाटी होती, आणि तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: अवरक्त ऊष्मा कक्ष.

किल्लीने ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं, आणि मग भिंतीला टेकून इतकी हसली की वाफकाकूंनी तिला चक्कर आली असं समजून खुर्ची दिली.

"अवरक्त!" ती डोळे पुसत म्हणाली. "आमची आई विरक्त समजली हो! घरात कालपासून सुतक पाळल्यासारखं चाललंय."

वाफकाकूही गदगदा हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्त म्हणजे तांबडा रंग. त्या तांबड्याच्याही खालचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त. आत भिंतींना ज्या तापणाऱ्या सपाट पाट्या बसवल्यात, त्या तो सोडतात. दिसतो तो तांबूस दिवा नुसता शोभेचा, काम करतो तो दिसतच नाही.

"आणि वाफ?"

"वाफ नाहीच इथे. शेक थेट अंगाला लागतो. आधी मी वाफेच्या खोलीवर होते, तेव्हाचं नाव चिकटलंय."

"पण मग उन्हात बसलं तर काय वाईट? तेही अंगाला थेटच लागतं."

"उन्हातलं कातडं भाजणारं तेवढं काढून टाका. उरेल ते हे." वाफकाकू प्रश्नावर खूश झालेल्या दिसल्या. "दिवसभर पळालेल्या, पोहलेल्या माणसाचे स्नायू आखडतात. या शेकाने ते जरा सैल पडतात, झोप लागते. बसायचंय का तुम्हाला? मग आधी हे दोन ग्लास पाणी."

"मला तहान नाही."

"मी विचारलं नाही. दोन ग्लास पोटात गेल्याशिवाय या दारातून कुणी आत जात नाही. आणि उन्हातून आलाय ना? त्या बाकावर बसा. अंग निवू दे आधी. तापलेलं अंग पुन्हा तापवलं तर ते बरं होत नाही, कोसळतं."

किल्ली बाकावर बसली. पाच पावलांवर दार, काच घामाने धुरकट, आत कुणीतरी पांढरं बसलेलं, आणि आपण अंग निवायची वाट बघत बाकावर. अशी शिक्षा तिला वडिलांनीसुद्धा कधी दिली नव्हती. शेवटी वाफकाकूंनी तिच्या मनगटाला हात लावून पाहिला, टॉवेल दिला आणि मान हलवली.

आतला कोपरा धरून ताईच बसली होती. टॉवेल गुंडाळलेला, कापलेले केस कपाळाला चिकटलेले. तिने डोळे उघडले आणि दचकली.

"तू? इथे?"

"आईने पाठवलं. तू संसार सोडलास म्हणे."

"सोडायला संसार आहे कुठे? एकटा जीव माझा."

मग किल्लीने विरक्त खोलीची हकीकत सांगितली, डबे, सदरे आणि आईच्या भरून आलेल्या आवाजासकट. ताई हसली. पण किल्लीच्या लक्षात आलं की ती मध्येच हसायची थांबली.

सुरुवातीला काही झालंच नाही, आणि किल्लीची निराशा झाली. लाकडाचा वास येत होता. हवा बाहेरच्यापेक्षा गरम होती, पण दम कोंडेल अशी नव्हती. "एवढंच?" असं ती म्हणणार, तेवढ्यात पाठीमागच्या पाटीचा शेक कुठेतरी आत पोहोचला. वर्षानुवर्षं वाकून कानस चालवल्याने तिच्या मानेखाली एक गाठ बसली होती, शेक बरोबर तिथे जाऊन थांबला. घाम आधी कपाळाला येईल असं तिला वाटलं होतं. तो आला पोटऱ्यांना. मग एकदम सगळीकडून. न धावता, न पोहता, न राबता, नुसतं बसून निथळायचं, हे तिला जरा चोरीचं वाटलं आणि फार छान वाटलं. तिने पाटीजवळ हात नेऊन पाहिला, दूर नेऊन पाहिला. मग बाकाखाली वाकून तिथेही पाटी आहे का ते बघितलं.

"स्वस्थ बस की जरा," ताई म्हणाली.

"बाहेर गेल्यावर बाहेरचा उन्हाळा गार वाटतो का गं?"

"वाटतो. थोडा वेळ."

ताईच्या उजव्या भुवईवरून घामाची धार डोळ्यात उतरली. तिने ती पुसली. डाव्या हाताने. डावा हात चेहऱ्यावरून आडवा नेऊन तिने उजवा डोळा पुसला, आणि उजवा हात होता तसा मांडीवर पडून राहिला.

किल्ली बघत राहिली. कुलपात नवी किल्ली घातली की आतल्या खिट्ट्या एकेक करून उचलल्या जातात आणि मग दांडा फिरतो. तो फिरल्याचं कानाच्या आधी बोटांना कळतं. कापलेले केस. डोक्यावरून न घालावे लागणारे सदरे. खाली आणलेले डबे. आईने सगळं बरोबर पाहिलं होतं, अर्थ तेवढा चुकीचा लावला होता.

"ताई, वेणी घालून दाखव."

"वेड लागलंय का? केस कुठायत?"

"म्हणूनच म्हणतेय. हात वर कर."

"किल्ले, उगाच…"

"हात वर कर."

ताईने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या उंचीपर्यंत आला आणि तिथे थांबला. तिने ओठ दाताखाली धरला होता. मग तिने हात हळूच खाली आणून मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"खांद्यातली स्नायूची दोरी झिजलीये," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, पोरांना कमरेइतक्या पाण्यात शिकवा हवं तर. लांबचं पोहणं बंद. यंदापुरतं नाही. बंदच."

"आणि हे मला आत्ता कळतंय?"

"सांगून काय झालं असतं? तू तळ्यात उतरली नसतीस."

"नसतेच उतरले!"

"बघ."

किल्लीला ताईचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. ताई आपल्यावर रुसलीये का, एवढंच ती उन्हाळाभर उलगडत बसली होती. सगळ्या गल्लीची उठाठेव करणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीचा खांदा दिसला नव्हता.

"मला फक्त एक दिवस हवा होता," ताई म्हणाली. "पैलतीरापुरता. वाटलं, रोज शेकत राहिलं तर तेवढा निघेल. हावरटासारखी बसायचे मी इथे. दिवसभर उन्हात पोरांना उचलायचं, पाणी प्यायची शुद्ध नाही, तशीच येऊन बसायची, आणि बाहेर पडून पुन्हा आत. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराला कडी नव्हती म्हणून ढकलून बाहेर पडले, ती थेट वाफकाकूंच्या अंगावर. ते दोन ग्लासांचं आणि बाकाचं प्रकरण तेव्हापासून सुरू झालंय. माझ्या कृपेने."

"मग अजून का येतेस?"

"बरं वाटतं म्हणून. दिवसभराचं आखडलेलं सुटतं, दुखणं थोडं गप्प बसतं, रात्री झोप लागते. तेवढं खरं आहे. पण शेकून दोरी सांधत नाही गं. ते काही होत नाही."

किल्लीला रडू आलं. त्या खोलीत रडायची एक सोय होती, घामात काही कळत नाही. पण ताईला कळलं. तिने डाव्या हाताने बहिणीच्या डोक्यावर टॉवेल टाकला.

"तू होडीत बस," टॉवेलच्या आतून आवाज आला. "माझ्या डावीकडून चालवा म्हणावं होडीवाल्यांना. तू टोपी घालून बस, मी तुझ्याकडे बघत येईन."

ताईने विचार केला. "नाही."

"का?"

"मग पुढच्या वर्षीही होडी लागेल. आणि त्याच्या पुढच्या. मी पलीकडे काठावर उभी राहते, लाल टोपी घालून. एका जागी. हलणार नाही. तू समोर बघत यायचं."

"मला समोर बघता येत नाही."

"लोकांच्या बंद दारांतून आतलं दिसतं तुला. उघड्या तळ्यावर समोरचं दिसत नाही?"

तेवढ्यात वाफकाकूंनी काचेवर टकटक केली आणि दोघींना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सराव सुरू झाला. ताई काठावरच्या दगडावर बसून ओरडायची. डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढायचे, समोर बघून घ्यायचं, मग मान वळवून श्वास. लिहायला सोपं आहे. किल्लीच्या नाकातोंडात पाणी जायचं, आणि समोर बघितलं की पाय बुडायचे. दुपारपर्यंत मान अशी आखडायची की दुकानात गिऱ्हाइकाकडे बघायला तिला सगळं अंग वळवावं लागे.

संध्याकाळी मग अवरक्त खोली. बाक, दोन ग्लास, अंग निवेपर्यंत दम धरणं, आणि काचेवर टकटक झाली की निमूट बाहेर. किल्लीने अर्थातच प्रयोगही करून पाहिला. दोन दिवस मुद्दाम गेली नाही, काय होतं ते बघायला. तिसऱ्या सकाळी मान लाकडासारखी. पुन्हा जायला लागली, मान सुटली. आता यात शेकाचा भाग किती, मनाचा किती, आणि ताईशेजारी काही न करता बसण्याचा किती, हे तिला ठरवता येईना. तिने वाफकाकूंना विचारलं.

"मान वळतेय ना?" त्या म्हणाल्या. "मग वळवा."

आईलाही एकदा नीट, कानाशी तोंड नेऊन सांगून झालं. "अवरक्त, आई. विरक्त नाही."

"तेच तर मी म्हणत होते," आई म्हणाली. मग घाबरून, "रक्त काढतात की काय?" तिलाही नेऊन ती खोली दाखवावी लागली. खांद्याचं कळल्यावर मात्र ती तडक ताईच्या घरी गेली. स्वतःच्या हाताने तिने तिथल्या वरच्या फळीवरचे उरलेले दोन डबे खाली आणून ठेवले.

मान सुटली, पण किल्लीचं उजवीकडे जाणं काही सुटेना. शेवटच्या सरावाला ती पुन्हा लव्हाळ्यांतच निघाली, लहानपणी अडकली होती अगदी तिथे.

"नाही जमणार मला," त्या संध्याकाळी खोलीत ती म्हणाली.

"हरकत नाही," ताई म्हणाली. "पण मी उभी राहणार. तुला यायचं तर ये."

पैलतीराच्या सकाळी ताई आणि आई रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या काठाला गेल्या. या काठाला नवरा टॉवेल घेऊन उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचत नव्हता. शिट्टी झाली. सगळे उतरले, आणि सगळ्यांत शेवटी किल्लीही उतरली.

चार हात मारून तिने श्वासासाठी डावीकडे मान वळवली, आणि तिथे नुसतं पाणी होतं. हे होणार हे तिला माहीत होतं, तरी तिच्या हातांची लय चुकली. पुन्हा मान वळवली, पुन्हा पाणी. इतक्या वर्षांत तिने त्या बाजूला ताईशिवाय काही पाहिलंच नव्हतं. परत फिरावं असं तिला फार वाटलं. मग तिने डोळे वर काढून समोर पाहिलं. आधी नुसती चकाकी. दुसऱ्यांदा काठाची हिरवी रेघ. तिसऱ्यांदा, त्या रेघेवर, टाचणीच्या डोक्याएवढा एक लाल ठिपका.

ती त्या ठिपक्याकडे निघाली. थोडं पोहून पाहिलं, ठिपका समोर. पुन्हा पाहिलं, समोरच. तिला नवल वाटायला लागलं. आता आपण उजवीकडे गेलो असणार, असं म्हणून ती डोकं वर काढायची, आणि टोपी बरोबर नाकासमोर. डावीकडचं रिकामं पाणी आता तिला तितकंसं टोचत नव्हतं. इतकी सरळ ती जन्मात पोहली नव्हती. तिला स्वतःचा असा काही अभिमान वाटायला लागला की शेवटी शेवटी तर ती ऐटीत हात मारत होती.

पायाला चिखल लागला तेव्हा ती उभी राहिली, आणि तिला दिसलं की आजूबाजूला लव्हाळे आहेत. मंडळाचं निशाण, टाळ्या वाजवणारी माणसं, पाण्यातून बाहेर येणारे बाकीचे, सगळे डावीकडे पार लांब राहिले होते. आणि समोर ताई उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, छाती भात्यासारखी वरखाली होत असलेली. डोक्यावर लाल टोपी.

"एका जागी उभी राहणार होतीस ना?" किल्लीने विचारलं.

उत्तर मागून आलं. आई दोन्ही हातांत ताईच्या चपला घेऊन चिखल चुकवत येत होती.

"उभी कसली? तू जरा तिकडे सरकलीस की ही पळाली. पुन्हा सरकलीस, पुन्हा पळाली. काटे बघेना, चिखल बघेना. मी मेली चपला घेऊन हिच्यामागे!" ती थांबून दम खात म्हणाली, "आणि ही म्हणे विरक्त!"

ताईने नजर चुकवली. "तू उजवीकडे चाललीस, मग मी काय करू? समोर बघत होतीस ना पण? सारखी बघत होतीस. मी पाहिलं."

ती वाकली आणि तिने हात पुढे केला. उजवा. तो वर जात नव्हता, पण खाली, पाण्याकडे यायला त्याला काही अडचण नव्हती. किल्लीने तो नुसता धरला, त्यावर भार दिला नाही, आणि स्वतःच्या पायांनी वर आली.

"पुढच्या वर्षी खरंच हलणार नाही मी," ताई म्हणाली.

"हलशील," किल्ली म्हणाली.